पाचूबंदरच्या मावशींचं दुखणं

होळी नावाच्या बाजाराजवळ मी दवाखाना काढला, तेव्हा पहिले काही महिने माझी अशी समजूत झाली होती की वसईतल्या झाडून सगळ्या बायकांची कंबर दुखते. वाडीतल्या बायका येत, कोळणी येत, भातशेतीवरच्या येत आणि सगळ्यांची तक्रार तीच. "कंबर धरते बाई, गळून गेल्यासारखं होतं." मी नाडी बघायची, डोळ्याची खालची पापणी ओढून अंगात रक्त किती आहे ते बघायची आणि लोहाच्या गोळ्या द्यायची. गोळ्या पदराच्या गाठीत बांधून बाई उठायची, दारापर्यंत जायची आणि परत फिरायची. "आणखी एक सांगायचं होतं," असं म्हणून उंबऱ्यात उभी राहायची. ते आणखी एक म्हणजेच खरं दुखणं असायचं.

त्याचीही सरळ नावं नव्हती. पांढरं पाणी जातं असं कोणी म्हणत नसे. कोणी म्हणे "धुपतं", कोणी म्हणे "अंगावरून जातं". खाज हा शब्द तर मी कोणाच्या तोंडून ऐकलाच नाही. "एका जागी बसवत नाही," एवढंच म्हणत.

माझं शिक्षण मुंबईत झालं. स्वातंत्र्य मिळालं त्याच सुमाराला मी डॉक्टर झाले आणि लग्न होऊन वसईला आले. सासर केळी आणि पानवेलीच्या वाडीचं. सुनेने डॉक्टर होऊन घरात बसायचं, हे सासऱ्यांना पटेना. त्यांनीच बाजाराजवळची दोन खोल्यांची कौलारू जागा बघून दिली. पुढच्या खोलीत बाकं, मागच्या खोलीत तपासायचं टेबल. मध्ये मी जाड चादरीचा पडदा लावला होता. पडद्याआड बोललेलं बाकावर ऐकू जातं म्हणून बायका बोलत नाहीत, हे लक्षात आल्यावर मी पडदा काढून लाकडी दार बसवून घेतलं. त्या दाराने माझ्या डॉक्टरकीचं जेवढं भलं केलं, तेवढं एखाद्या औषधानेही केलं नसेल.

मागच्या खोलीत दक्षिणेच्या खिडकीत पितळी सूक्ष्मदर्शक होता. मी पास झाले तेव्हा वडिलांनी दिलेला. गावात सगळे त्याला दुर्बीणच म्हणत. त्याच्या खालचा आरसा उन्हाकडे वळवला की काचेवरचा थेंब उजळून निघे. मला शिकवणाऱ्या बाई नेहमी म्हणत, "ऐकून औषध देऊ नका, बघून द्या." ते तेव्हा आम्हाला कंटाळवाणं वाटायचं. वसईत आल्यावर रोज पटायला लागलं, कारण पुढ्यात येणारी तक्रार एकच असली तरी तिच्या मागची कारणं काही एक नव्हती.

एखादी गरोदर सून यायची, रात्रभर झोप नाही म्हणायची. बघावं तर आत दह्याच्या कवडीसारखे पांढरे गोळे चिकटलेले आणि आजूबाजूची कातडी लालभडक. दुर्बिणीखाली बुरशीच्या काड्या दिसत. तिला मी जांभळं औषध लावायची. दोन-चार दिवसांत आराम पडे, पण लुगड्यांवर जांभळे डाग पडत, ते काही धुऊन जात नसत. कुठल्या वाडीत कोण माझं औषध घेतंय, ते वाळत घातलेल्या कपड्यांवरून कळे आणि सासवा माझ्या नावाने बोटं मोडत. एकीला मात्र ही बुरशी बरी होई आणि पुन्हा उठे. तिची लघवी निळ्या औषधात घालून स्पिरिटच्या दिव्यावर तापवली, तर विटेसारखा लाल रंग आला. तिला मधुमेह होता. तो आटोक्यात आल्यावर खाजही गेली.

कोणाला फेसाळ, हिरवट पाणी जायचं. त्याचा थेंब मिठाच्या पाण्यात मिसळून लगेच बघितला तर त्यात बारीक, शेपटीवाले जीव पळताना दिसत. जूचंद्राच्या एका बाईला मी ते दाखवलं. तिने डोळा लावला आणि ओरडलीच, "अगो बाय, ही तर नाचतान!" तिचा आजार बरा करणं मात्र सोपं नव्हतं. त्या काळी हातात होत्या त्या गोळ्या आत ठेवायच्या, आंबट पाण्याने धुवायचं आणि नवऱ्यालाही बोलवायचं, कारण तिकडून आजार पुन्हा येई. नवरे येत नसत. मग मी निरोप द्यायची की बायकोचं औषध अवघड आहे, समजावून सांगायचंय. तेवढ्यावर ते येत. बोटीवरून परतलेल्या नवऱ्यामुळे पू जाणारी बाई आली तर पेनिसिलिनची सुई दोघांनाही द्यायची आणि कोणामुळे काय झालं याचा निवाडा करत बसायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

या सगळ्यात औषधापेक्षा बाईला टेबलावर चढवणं अवघड. कोणी लाजून नको म्हणायची, कोणी भिऊन. सगळ्यांत जास्त भ्यालेली बाई मला भेटली ती पाचूबंदरची.

पावसाळा संपून होड्या पुन्हा समुद्रात जायला लागल्या होत्या. पाचूबंदरची एक तरुण ख्रिस्ती कोळीण पहिलटकरीण म्हणून माझ्याकडे येत असे. हसरी, धीट पोर. त्या दिवशी तपासून झाल्यावर तीही दारातून परत फिरली. मला वाटलं, हिचंही तेच. पण ती म्हणाली, "माजा काय नाय, बाय. आमच्या आयला बघशील का? माज्या सासूला."

"काय होतंय त्यांना?"

"सांगत नाय. पन ती रविवारच्या मिस्साला यायची बंद झाली. आली तरी दाराशी उभी रहते आनी प्रसादाच्या आधीच निघून जाते. दिवसातून चार वेळा न्हाते. घरात झोपत नाय, पडवीत झोपते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "वास येतो, बाय. मना ठाव हाय. मी बोलत नाय."

"घेऊन ये त्यांना."

"मरंल पन यायची नाय."

मी जरा विचार केला आणि म्हटलं, "सासूला सांग, डॉक्टरीणबाई म्हणतात सुनेचं बाळंतपण जवळ आलंय, तेव्हा घरच्या मोठ्या बाईशी बोलायलाच हवं."

यात खोटं काहीच नव्हतं. बाळंतपणाबद्दल मला तिच्याशी बोलायचंच होतं.

दोन-तीन दिवसांनी, बाजार उठल्यावर सासूबाई, म्हणजे पाचूबंदरच्या मावशी, आल्या. रिकामी टोपली बाहेर ठेवली. उंच, रुंद खांद्यांची, केसांत पांढरं आलेली बाई. बाजारात त्यांचा आवाज मी ऐकला होता, गिऱ्हाइकाचं त्या ऐकून घेत नसत. पण माझ्या खोलीत आल्या आणि खुर्ची सोडून पार खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"बसा ना, मावशी."

"मी हितंच बरी. वारा लागतो."

सुनेचं बोलणं झालं. दूध, विश्रांती, कळा सुरू झाल्यावर काय करायचं, सगळं त्यांनी नीट ऐकलं. मग मी उठले, दाराला कडी लावली आणि माझं स्टूल उचलून त्यांच्या अगदी शेजारी नेऊन बसले. त्या भिंतीला टेकल्या. वास होताच. मासळीचा नव्हता. शिकत असताना वॉर्डात तो ओळखायला शिकले होते.

"मावशी, किती दिवस झाले?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काय किती दिवस, असं काही त्यांनी विचारलं नाही. "दिवस कुठले, बाय," त्या म्हणाल्या. "धाकटा शाळेत जात होता तवापासून. आता तो होडीवर जातो."

मग हळूहळू सगळं आलं. आधी नुसतं पांढरं पाणी, मग पिवळं, आता कधी कधी रक्ताचा डाग. वैद्याची पूड झाली, मिठाच्या पाण्याने धुणं झालं, देवळात नवस झाले. ख्रिस्ती कोळी चर्चला देऊळच म्हणत. बाजारात बसलं की बरं वाटतं, म्हणाल्या. "तिथं समद्यांच्या अंगाला मासलीचा वास. माजा कोन हुंगतो?" म्हणून गिऱ्हाईक संपलं तरी त्या टोपली घेऊन बसून राहायच्या.

"तपासून घेऊ या," मी म्हटलं.

"नको."

"का?"

"काय निगंल ते मना ठाव हाय." त्यांचे हात पदराशी चाळा करत होते. "माजी भयन अशीच गेली. असाच वास, असाच रगत. मुंबईच्या दवाखान्यात नेली तवा डॉक्टर बोलला, उशीर झाला. सुनेचा पोर बघते, मग काय व्हायचा तो होऊ दे."

मलाही तीच शंका होती, हे मी लपवणार नाही. त्या वयाच्या बाईला दुर्गंधी येते, रक्त जातं, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आधी मनात यायलाच हवा. पण मनात येणं निराळं आणि असणं निराळं. मी त्यांना तेवढंच म्हटलं. "मावशी, तुम्हाला वाटतंय तेच असेल, किंवा नसेलही. मी अजून बघितलेलं नाही आणि तुम्हीही बघितलेलं नाही. दोघींनी नुसतं भीत बसण्यात काय अर्थ आहे?"

त्या खिडकीपासून टेबलाकडे आल्या. मग म्हणाल्या, "दिवा नको लावू."

"दिवा नाही लावत. उजेड आहे पुरेसा."

त्या टेबलावर चढल्या, डोळ्यांवर पदर घेतला आणि पुटपुटत प्रार्थना म्हणायला लागल्या. मी हातमोजा चढवला. आत सगळं सुजलेलं, हुळहुळं होतं. बोट जरा पुढे गेलं आणि कठीण, खरखरीत असं काहीतरी लागलं. संपलं, असंच वाटलं. पण बोट बाजूला सरकवलं, तर ते कठीण तसंच पुढे चालू. आणखी सरकवलं, तरी चालू. वळत वळत बोट जिथून निघालं तिथेच परत आलं. गाठ अशी नसते. गाठ वेडीवाकडी वाढते. हे गोल होतं, चांगलं मोजून केल्यासारखं गोल.

"मावशी," मी विचारलं, "धाकट्याच्या बाळंतपणानंतर तुमचं अंग खाली येत होतं का?"

प्रार्थना थांबली. "येत होता. चालवत नव्हता. मुंबईच्या दवाखान्यात गेले तवा बरा झाला."

"त्यांनी काय केलं?"

"टाके घातले. आनी रबराची बांगडी बसवली आत."

"मग ती काढायला कधी गेलात?"

डोळ्यांवरचा पदर बाजूला झाला. "काढायला? ती विरघलली नाय का? नर्स बोलली, आपोआप विरघलतान."

नर्स टाक्यांबद्दल बोलली होती. बांगडी काही महिन्यांनी येऊन बदलायची, हे सांगितलं गेलं नसेल किंवा दुखण्याने गांजलेल्या बाळंतिणीच्या डोक्यात शिरलं नसेल. गर्भाशय खाली उतरतं तेव्हा त्याला आधार म्हणून अशी रबराची कडी बसवतात. ती साफ झाली नाही तर तिच्यावर मिठागरातल्या खांबावर चढावेत तसे थर चढतात, ती आतल्या त्वचेत रुतते, जखम करते, जखम पिकते. पाणी, वास, रक्त, सगळं तिथूनच होतं.

मी हातमोजा काढला आणि मला हसू आवरेना. मावशी घाबरून उठून बसल्या. मी त्यांचे दोन्ही हात धरले. "मावशी, ती बांगडी अजून तिथेच आहे. विरघळली-बिरघळली काही नाही. मला तर आत दुसरं काही लागलं नाही."

त्यांनी हात सोडवून घेतले. मग ज्या आवाजात बाजारात गिऱ्हाइकाशी भांडत, त्या आवाजात म्हणाल्या, "रबराची बांगडी? एवढी वर्सा मी रबराच्या बांगडीसाठी रडते?" आणि पुढच्या खोलीतल्या बाकावरच्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्यांनी तो दवाखाना, ती नर्स आणि ती बांगडी बनवणारा, सगळ्यांना शिव्या दिल्या. माझं लाकडी दारही त्या आवाजापुढे कमी पडलं.

कडी लगेच निघण्यासारखी नव्हती. काही दिवस रोज धुऊन मी ग्लिसरीनमध्ये भिजवलेला औषधाचा बोळा ठेवत असे. बाजार उठला की मावशी येत, न सांगता टेबलावर चढत. सूज उतरली तसं मी बोटाने हळूहळू कडी मोकळी करत नेली. एका दुपारी ती निघाली. काळी, खरखरीत, मूळचा रंगही ओळखू न येणारी. मावशींनी ती चिमट्यात धरून उजेडात बघितली आणि म्हणाल्या, "समुद्रात टाकते हिला." मी नको म्हटलं, समुद्राने काय वाईट केलंय, आणि ती परसात पुरली.

तरी माझं मन पूर्ण निवांत नव्हतं. रुतल्या जागी जखम होती, आणि इतकी वर्षं घासलेल्या जखमेबद्दल नुसत्या डोळ्यांनी खात्री देता येत नाही. मी तिथला बारीक तुकडा घेऊन मुंबईला माझ्या शिकवणाऱ्या बाईंकडे तपासायला पाठवला. का पाठवतेय तेही मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघून घे. आता मी भीत नाय." मी मात्र भीत होते. निरोप आला तो चांगला होता, नुसती सूज आणि जखम, कॅन्सर नाही. मी दवाखान्याला कुलूप लावून तशीच टांगा करून पाचूबंदरला गेले. मावशी वाळत घातलेले बोंबील उलटत होत्या. मी लांबूनच हाताने "काही नाही" अशी खूण केली. त्यांनी आकाशाकडे बघून बोटांनी छातीवर क्रूस काढला आणि पुन्हा बोंबील उलटायला लागल्या.

जखम भरली, पाणी थांबलं, वास गेला. पण कडी काढल्यावर अंग पुन्हा थोडं खाली येऊ लागलं. मी ऑपरेशनबद्दल बोलले, तर त्या म्हणाल्या, मुंबईच्या दवाखान्याचं नाव काढू नको. मग मीच बेताच्या मापाची नवी कडी बसवली आणि ती केव्हा काढून स्वच्छ करायची ते त्यांच्याकडून घोकून घेतलं. त्या कधी चुकल्या नाहीत. नाताळाच्या आधी, ईस्टरच्या आधी, पावसाळ्यासाठी होड्या शाकारायच्या आधी, असं त्यांनी आपलं वेळापत्रक ठरवलं होतं. येताना केळीच्या पानात सरंगा नाहीतर कोलंबी असायचीच.

त्यानंतर पाचूबंदरच्या बायका माझ्याकडे येऊ लागल्या आणि मागोमाग अर्नाळ्याच्याही. मावशी बाजारात बसून उघड सांगत, "डॉक्टरीन बायकडे जा. बघितल्याबिगर औषद देत नाय." एक म्हातारी तर टोपली खाली ठेवताक्षणीच म्हणाली, "माज्यात पन बांगडी हाय का बघ." नव्हती. तिला साधी म्हातारपणची कोरड आणि आग होती, मलमाने बरी झाली.

सुनेला मुलगा झाला. बाप्तिस्म्याला मला बोलावणं होतं. देवळात मावशी सगळ्यांत पुढे उभ्या होत्या, नवं लुगडं, केसांत फुलं, नातू कुशीत घट्ट धरलेला. फादरना बाळ द्यायची वेळ आली तरी सोडेनात. नंतर त्यांच्या घरी जेवायला गेलो. अंगणात मांडव, त्यात गाणी चाललेली, ताटात फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे, आणि कालवण. मावशींचे यजमान, उन्हाने रापलेले, होडी चालवणारे म्हातारे तांडेल, माझ्याजवळ येऊन बसले. त्यांना फार बोलायची सवय नसावी.

"बाय, तिचा पडवीतला बिछाना आत आला," ते म्हणाले.

"छान झालं," मी म्हटलं.

"मना वाटलेला, ती रागावली. मी जुनी होडी तिला न विचारता विकली होती ना. तवापासून ती पडवीत. मी किती येला माफी मागितली! दर सनाला मागायचो. ती काय बोलायची नाय, नुसती हसायची."

मावशी फुग्यांची परडी घेऊन मागे उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तुम्ही सांगायचंत ना त्यांना, की रागावला नाहीत म्हणून," मी म्हटलं.

"का सांगू?" माझ्या ताटात आणखी दोन फुगे टाकत त्या म्हणाल्या. "होडी विचारून विकायला नको होती? आनी माफी मागायचा तवा बरा वाटायचा."

म्हातारे मोठ्याने हसले आणि त्यांनी परडीतला एक फुगा उचलला.